वडाभोवतीची रांग

निवृत्तीच्या दिवशी मला शाल मिळाली, श्रीफळ मिळालं आणि एक वीट मिळाली. शाल आणि श्रीफळ पंचायतीचं. वीट आमच्या आळीतल्या बायकांची, वर्तमानपत्रात गुंडाळून, वरून लाल दोरा बांधून. व्यासपीठावर बसलेल्या पाहुण्यांना तो माझा अपमान वाटला. एक जण तर उठून उभाच राहिला. मी वीट कपाळाला लावली तेव्हा तो गोंधळून पुन्हा बसला. नोकरीबद्दल लिहा, असं या अंकाच्या संपादकांनी सांगितल्यावर दुसरं काही सुचेना. त्या विटेचंच लिहितो.

मी चावीवाला. ज्यांनी आयुष्यभर भिंतीतला नळ फिरवून पाणी घेतलं, त्यांना हे सांगावं लागतं. जमिनीखालून मोठी पाइपलाइन जाते. तिला जागोजागी झडपा असतात. इंग्रजी टी अक्षरासारखी लोखंडी चावी खड्ड्यात घालून ती झडप फिरवली की त्या आळीला पाणी येतं. फिरवणारा तो चावीवाला. पगार शिपायाचा आणि शिव्या साहेबाच्या, असं हे काम. विरार पूर्वेला, चंदनसारच्या अलीकडे आमची आळी. सत्तरच्या दशकाच्या शेवटी तिथे मुंबईहून माणसं यायला लागली. चाळी उठल्या, एकावर एक मजले उठले, पण नळ मात्र एकच राहिला. तो वडाच्या पाराला टेकून होता. पाणी दुपारी येई आणि थोडा वेळच येई.

पाणी दुपारी, पण रांग पहाटेपासून. माणसं इतका वेळ कशी उभी राहणार? म्हणून रांगेत भांडी उभी राहत. हंडे, कळश्या, डालड्याचे डबे, बादल्या. सावलीसाठी ही रांग पाराला धरून वडाभोवती गोल वळे. नळापासून निघायची, देवळातल्या प्रदक्षिणेसारखी झाडाला फेरा घालायची आणि गर्दीच्या दिवसांत तिचं शेपूट फिरून नळाजवळ यायचं.

इथवर ठीक होतं. पण भांडं पहाटेपासून रांगेत अडकलं तर घरात डाळ कशात भिजवायची? म्हणून एका बाईने भांड्याऐवजी वीट ठेवली. मग सगळ्यांनीच काही ना काही ठेवायला सुरुवात केली. तुटकी चप्पल, स्टोव्हचा बर्नर, तीन पायांची खुर्ची. इनासकाका बँडमध्ये वाजवायचे. त्यांनी आपला चेपलेला पितळी बाजा रांगेत आणून ठेवला. कुणी भोपळा ठेवला. तो भोपळा एका बकरीने खाल्ला, आणि मग तो नंबर भोपळ्याच्या मालकिणीचा की बकरीच्या, यावर दुपारभर भांडण चाललं. बकरीवालीचं म्हणणं, नंबर आता तिच्या पोटात आहे. शेवटी दोघींना अर्धं अर्धं पाणी दिलं. आजही तो निकाल बरोबर होता की नाही, मला सांगता येत नाही.

गंमत पाहायला बरी, पण विटेच्या मागे खरा हंडा घेऊन बसलेल्या बाईचं नुकसान होई. नळ सुटला की विटेची मालकीण घरून पिंप घेऊन यायची आणि वीट उचलून त्या जागी ते ठेवायची. पिंप भरेपर्यंत पाणी जायचं. हाणामाऱ्या झाल्या, हंडे डोक्यात घातले गेले. तेव्हा पंचायतीच्या पाणी समितीचे प्रमुख आप्पासाहेब यांनी फर्मान काढलं. रांगेत फक्त भांडं चालेल, तेही धड, गळकं नाही. बाकी सगळं चावीवाल्याने पाणी सोडण्याआधी काढून टाकायचं. रांगेत खोटा नंबर राहिला आणि पुन्हा भांडण झालं, तर नळ स्टेशनच्या बाजूला हलवायचा.

नळ हलला असता तर आळीच्या तोंडचं पाणी पळालं असतं. आणि त्या आळीत मी राहत होतो. माझी बायको सुमन त्याच रांगेत होती. ज्या दिवशी तिचा हंडा असे, त्या दिवसाचं मी खात्रीने सांगू शकतो. बाकीच्या वेळी ती काय ठेवायची, ते मी कधी विचारलं नाही.

काम सोपं वाटलं. रोज पाण्याआधी मी नळापासून सुरुवात करायचो. हंडा दिसला, पुढे. वीट दिसली, उचलून गटाराकडे भिरकावली, पुढे. शेपटापर्यंत गेलो की काम संपलं. घाम पुसत नळाजवळ परत यायचो, पाणी सोडायचो आणि रांगेत पुन्हा विटा. रोज. मी डोळ्यांनी पाहून, हातांनी साफ केलेल्या रांगेत विटा. सुमन म्हणाली, चष्मा लावा. तारामावशी म्हणाली, "आरे हरी, तुझे डोले हायेत का शर्टाचे बटान?" मी चष्मा लावला. विटा स्वच्छ दिसायला लागल्या, एवढाच फरक पडला. शेवटी भानामतीचा संशय घेण्यापर्यंत मजल गेली.

तारामावशी म्हणजे आमच्या आळीची जुनी रहिवासी. भातशेतीवाल्यांच्या घरातली. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. घरात भांडं म्हणाल तर तांब्याची कळशी आणि नवऱ्याच्या अंघोळीचं एक पितळी घंगाळ. कळशी चोरीला गेली होती, त्यामुळे रांगेत तिचं घंगाळ. त्याच्या बुडाला चीर होती. साबणाचा तुकडा दाबून ती चीर बुजवून मावशी ते आणायची आणि घरी पोचेपर्यंत वाटेवर पाण्याची रेघ उमटायची. नियमाप्रमाणे ते घंगाळ रोज बाहेर काढायला हवं होतं. पण माझ्या हातून ते कधी निघालंच नाही. का, ते मला तेव्हा कळलं नव्हतं. माझी समजूत अशी, की माझी नजर चुकतेय.

खरी भानगड उघड झाली ती एका म्हशीमुळे. एक दिवस नळाच्या तोंडाशी म्हैस बसली. हाकलून उठेना. शेवटी कंटाळून मी शेपटाकडून सुरुवात केली. नळाकडे येत गेलो, दिसेल ती वीट काढत. आणि त्या दिवशी रांग निर्मळ! एकही वीट नाही, चप्पल नाही, बाजा नाही. घंगाळही निघालं. बायका माझ्याकडे पाहतच राहिल्या, मीही माझ्याकडे पाहत राहिलो.

घरी गेल्यावर ताटात भाताचे गोळे रांगेने मांडून पाहिले आणि डोक्यात प्रकाश पडला. मी वीट काढली की मोकळी जागा होते. मोकळी जागा दिसली की माणसाला धीर धरवत नाही. मागच्या बाईने लगेच आपली वस्तू पायाने पुढे ढकललेली असते, तिच्या मागचीने आपली, अशी सगळी रांग खडखडत एक घर पुढे येते. म्हणजे विटेच्या मागची वस्तू आता विटेच्या जागी आली. आणि मी तर ती जागा तपासून पुढे गेलेलो! ती वस्तू माझ्या मागून सुटली. दर विटेमागचा एक जण वाचला. शेपटाकडून आलं की असं होत नाही. रांग तेव्हाही सरकते, पण सरकतं ते आधीच पाहिलेलं. पुढचं जागच्या जागी असतं.

मला हे त्या दिवशी कळलं. आळीतल्या बायकांना पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. गिरगावातून आलेल्या पाटणकरबाई आळीतल्या महिला मंडळाच्या पुढारी होत्या. त्यांनी पद्धतच बसवून दिली होती. पुढे एक टाकाऊ वस्तू ठेवायची, तिच्या मागे आपली वीट. हरीभाऊ पुढची काढतील, मागची वाचेल. आळीत टाकाऊ वस्तूंना अचानक मान आला. भंगारवाला रिकाम्या हाताने परत जायला लागला.

"बाई, तुम्ही मला सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"हरीभाऊ, तुम्ही इतकं मन लावून काढत होतात, मोडता कसा घालणार?" पाटणकरबाई म्हणाल्या.

मी दुसऱ्या दिवसापासून शेपटाकडूनच सुरुवात केली. आठवडाभरही चाललं नाही. रांग वडाभोवती गोल होती, हे सांगितलंच. नळाकडून शेपटाकडे गेलं की प्रदक्षिणा होते. शेपटाकडून नळाकडे आलं की उलटी, म्हणजे अप्रदक्षिणा. ती कुठे घालतात, हे मी लिहीत नाही. आळीतल्या वडीलधाऱ्यांनी मला पारावर बसवलं. कुणाची कोंबडी मेली होती, कुणाच्या सायकलची फ्रेम तुटली होती, एकाचा जावई रुसला होता. सगळं माझ्या चालण्यावर आलं.

मग खडूचा उपाय केला. आधी नुसतं फिरून खोट्या वस्तूंवर फुली मारायची, कशालाही हात लावायचा नाही. मग परत येऊन फुलीवाले तेवढे उचलायचे. विचार चोख होता. पण मी परत येईपर्यंत विटेवरची फुली पदराने पुसलेली असायची आणि शेजारणीच्या नव्या हंड्यावर उमटलेली असायची. "सरकू नका" असंही सांगून पाहिलं. सगळ्या हो म्हणायच्या आणि बोलता बोलता पाय पुढे यायचा. हात टेकले आणि पुन्हा नळाकडून फिरायला लागलो. विटा सुटत राहिल्या, घंगाळ सुटत राहिलं. आळी सुखात होती.

त्या वर्षी पाऊस लांबला. विहिरी आणि बावखलं, म्हणजे आमच्याकडची गावतळी, तळाला गेली आणि नळावर भांडणं वाढली. आप्पासाहेबांनी निरोप धाडला, मी स्वतः येऊन रांग पाहतो, पाणी सुटताना एक जरी वीट दिसली तर दुसऱ्या दिवशी नळ हलला. त्यांनी दिवस ठरवला तो नेमका वटपौर्णिमेचा. बायकांनी सकाळीच पूजा केली. वडाला इतका दोरा गुंडाळला की खोड दिसेना. खाली हळदकुंकू, आंबे, फणसाचे गरे आणि भोवती गोल रांग. उपाशी बायका नव्या साड्या नेसून आपापल्या विटेमागे उभ्या. त्यांनाही नळ हवाच होता. पण वीट आधी दुसरीने काढावी, एवढंच प्रत्येकीचं म्हणणं होतं. तारामावशी विधवा, म्हणून पूजेत नाही. ती पाराच्या कडेला बसून घंगाळाकडे लक्ष ठेवून होती.

आप्पासाहेब आले. स्वभाव तापट, अंगावर कडक इस्त्री. "हरी, तू बाजूला हो, मी दाखवतो काम कसं करतात ते," म्हणत त्यांनी नळापासून सुरुवात केली. वीट काढली, रांग खडखडली. चप्पल काढली, रांग खडखडली. शेपटाशी पोचले ते फिरून नळाजवळच आले. पाहतात तो विटा. पुन्हा सुरुवात केली. एव्हाना त्यांनी काढून फेकलेल्या वस्तू मालकिणींनी उचलून शेपटाला लावल्या होत्या. त्यामुळे शेपूट लांबत होतं, साहेब त्याच्यामागे फिरत होते, आणि त्यांनी आधी फेकलेला इनासकाकांचा बाजा त्यांना दर फेरीत नव्याने भेटत होता. ऊन तापलेलं. साहेब वडाभोवती गोल गोल. गळ्यात कुठून तरी वडाचा दोरा अडकलेला.

पाटणकरबाईंना राहवलं नाही. "साहेब, सातवी फेरी झाली. पुढच्या जन्मी हीच रांग मागितलीत का?"

बायका पोट धरून हसल्या. उपाशी माणूस हसला की थांबत नाही. आप्पासाहेब थांबले. त्यांचा चेहरा पाहून माझं हसू मात्र जागीच विरलं. ते हळू आवाजात म्हणाले, "हरी, पाण्याची वेळ झाली. ही रांग साफ कर. नाहीतर उद्या इथे पाइप उखडायला माणसं येतील." ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

हसणं बंद झालं. मला उपाय माहीत होता. मी शेपटाकडे जाऊन उभा राहिलो. पहिलं पाऊल टाकणार, तोच सुमनने माझा शर्ट धरला.

"उलटे चालताय? आज? सकाळपासून पाणी न पिता मी फेऱ्या घातल्या त्या कुणासाठी? सगळ्या उलगडतील!"

"सुमन, नळ जाईल."

"जाऊ दे. नळ दुसरा मिळेल."

चारचौघांत बायको असं बोलली की माणूस विरघळतो. मीही विरघळलो आणि तिथेच उभा राहिलो. मग इतर पुरुषांकडे पाहिलं तर सगळे आपापल्या बायकोकडे पाहत होते. इनासकाकांना म्हटलं, काका, तुमच्यात तर वडाचं काही नाही, तुम्ही चाला. काका बायकोकडे पाहत मागे सरकले. "मोनिका नको बोलते. देव येगला असला तरी झाड तेच हाय ना रे." लग्नाच्या मुलींना आयांनी हाताला धरून बाजूला घेतलं. शेवटी मी धीर करून आप्पासाहेबांना म्हटलं, साहेब, शेपटाकडून तुम्हीच चाला. साहेबांनी गळ्यातला दोरा सोडवत घसा खाकरला. "आमच्याही घरी उपास आहे," ते म्हणाले.

झालं. एवढी माणसं, रांग समोर, उपाय माहीत, आणि पाऊल टाकायला कुणी नाही. मी झडपेकडे पाहत होतो. वाटलं, उद्या या खड्ड्यात माती पडणार.

तेवढ्यात तारामावशी पारावरून उठली. गुडघ्यावर हात टेकत शेपटाशी आली.

"मी चालतंय," ती म्हणाली. "माझा कोन उलगडायचा र्‍हायलाय?"

पाटणकरबाईंनी "मावशी, अहो..." एवढंच म्हटलं.

मावशी सगळ्यांकडे एकदा बघून घेत म्हणाली, "उलटं फिरला तं जिता मानूस जातो म्हनतात. मंग गेलेला येत आसंल. बघतंय तरी."

आणि चालायला लागली. उलटी. वाकून एकेक वस्तू पाहायची, वीट निघाली तर दोन्ही हातांनी उचलून कडेला ठेवायची. माझ्यासारखी फेकायची नाही. रांग मागून सरकत होती, पण आवाज न करता. काढलेली वस्तू कुणीही पुन्हा शेपटाला लावली नाही. इनासकाकांनी आपला बाजा स्वतःच उचलून काखेत घेतला. अर्ध्या फेरीवर मावशी स्वतःच्या घंगाळापाशी आली. थांबली. बुडाचा साबण चाचपून पाहिला.

"गलतंय," ती म्हणाली आणि घंगाळ बाहेर काढलं.

त्याच्या पुढची वस्तू वीट होती. मावशीने ती उचलली. "ही कुनाची?"

कुणीच आपली म्हणेना. रोज तर विटेसाठी दोघी दोघी पुढे येत. मावशीने पुन्हा विचारलं. पाटणकरबाई खाली पाहत होत्या. सुमन खाली पाहत होती. आणि तेव्हा मला समजलं. ती वीट कुणाच्याच नंबराची नव्हती. पुढची वीट काढली की मागचं वाचतं, हे बायकांनी शोधलं होतं ते स्वतःसाठी. पण रोज पहाटे कुणीतरी न सांगता एक वीट मावशीच्या घंगाळापुढेही ठेवत होतं. मी रोज ती वीट काढत होतो आणि घंगाळ माझ्या मागून निसटत होतं. माझी नजर चुकत नव्हती. ती रोज चुकवली जात होती, आणि मला त्याचा त्या क्षणी फार आनंद झाला.

मावशीलाही समजलं असावं. वीट तिने हातात थोडी जास्त वेळ धरली. मग इतर विटांसोबत ठेवली आणि पुढे निघाली. नळाशी आली तेव्हा तिच्या मागे वडाभोवती नुसते हंडे, कळश्या आणि बादल्या उभ्या होत्या. आप्पासाहेबांनी बोटाने हवेत मोजल्यासारखं केलं आणि मान हलवली. नळ राहिला.

मावशी मात्र नळाला हात टेकून स्टेशनकडून येणाऱ्या रस्त्याकडे पाहत होती. आम्हीही तिकडे पाहायला लागलो. आप्पासाहेबांनीही पाहिलं. भर उन्हात सगळी आळी एका रिकाम्या रस्त्याकडे पाहत उभी होती, आणि हसायला कुणालाही सुचलं नाही.

"नाय आला," मावशी म्हणाली. "सोड पानी."

मी चावी घातली. त्या दिवशी मावशीच्या घरी पाणी तिच्या घंगाळातून गेलं नाही. बायकांनी आपापल्या हंड्यांतून नेऊन ओतलं. पुढे आळीने तिला नवी कळशी घेऊन दिली. पुढे घरोघरी नळ आले, रांग मोडली, झडपाही बदलल्या. मावशी आता नाही. वड आहे.

सत्काराची वीट मी घरी आणून कागद सोडला. एका बाजूला हिरवट डाग होता, पितळ टेकून टेकून पडतो तसा. पाटणकरबाईंनी ती इतकी वर्षं कुठे ठेवली होती, कोण जाणे. सुमनने ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली.

"कुठे ठेवू?" तिने विचारलं.

"ठेव," मी म्हटलं, "कुणाच्या तरी पुढे."